लग्नात बसवायची कडी

आमच्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती. बाहेरून होती, कारण बाहेरून नसती तर मांजर शिरलं असतं. आतली मात्र घर बांधताना राहून गेली. बाबा म्हणाले, "लग्नात बसवू." लग्न माझं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते आणि माझे पुढचे दोन दात पडलेले होते.

तेव्हापासून आमच्याकडे आवाज करत आंघोळ करायची पद्धत पडली. आतून आवाज येतोय म्हणजे माणूस आहे, आवाज थांबला म्हणजे न्हाणीघर रिकामं. बाबा पाढे म्हणायचे. आई सगळ्या देवांच्या आरत्या म्हणते, सणवार न पाहता. मला गळा नाही, म्हणून मी नद्या म्हणते. दारव्ह्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवते, त्यामुळे नद्यांचा साठा भरपूर आहे. पैनगंगेपासून सुरुवात करायची, मग पूस, अरुणावती, अडाण, वाघाडी, खुनी. डोळ्यांत साबण गेला तरी तोंड बंद ठेवायची सोय नाही. एकदा वाघाडीनंतर मला ठसका लागला, आणि मुक्कामाला आलेल्या मावशीने खाडकन दार उघडलं. वर मलाच रागावली, की आत आहेस तर बोलत का नाहीस.

बाकीच्यांना शाळेत तीन काळ शिकवतात. आमच्या घरात चौथा होता, लग्नात. बैठकीचं प्लॅस्टर लग्नात होणार होतं. फाटकाचं एक दार बसलं होतं, दुसरं लग्नात बसणार होतं, म्हणून अर्ध्या फाटकाला आम्ही रोज इमानेइतबारे कुलूप लावायचो आणि दुसऱ्या अर्ध्यातून आत-बाहेर करायचो. कपाटात वरच्या फळीवर बोनचायनाचे कप होते, ते लग्नात काढायचे होते. पाहुणे आले की आई स्टीलच्या पेल्यात चहा देई आणि ते कप पाहुण्यांना काचेतून दिसत राहत. आणि बाहेरची भिंत, रस्त्याकडची, ती तर लग्नातच रंगणार होती. आमच्याकडे ज्या घरी लग्न असतं त्या घराची दर्शनी भिंत रंगवतात आणि तिच्यावर लग्न लिहितात. दाराच्या दोन्ही बाजूंना केळी, हत्ती, वाजंत्री, आणि मधल्या गोलात नवरानवरीची नावं. पुढे त्यांना नातवंडं होतात तरी भिंतीवरचं लग्न चालूच असतं.

माझं लग्न झालं नाही. आधी पत्रिका जुळल्या नाहीत, मग माणसं जुळली नाहीत, मग मी म्हटलं पुरे. मध्ये बाबा गेले. मी चाळिशी ओलांडली. मला नोकरी आहे, गाडी आहे, मनात येईल तेव्हा डोंगरदऱ्या पाहायला जाता येतं. लग्न झालं नाही याचं मला दुःख नाही. हे वाक्य मी आजवर पुष्कळ जणांना सांगितलंय आणि ते ऐकून दरवेळी समोरच्याच्याच चेहऱ्यावर दुःख दिसतं.

आईचं तसं नव्हतं. ती तोंडाने काही म्हणायची नाही. पण मी प्लॅस्टरचं नाव काढलं की तिला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं. मला ते कळत होतं. घर नीट करायचं म्हणजे आता लग्न होणार नाही असं कबूल करायचं, आणि ते तिच्याने होत नव्हतं. म्हणून आम्ही दोघी शहाण्यासवरत्या बायका अर्ध्या फाटकाला कुलूप लावून, आत आरत्या आणि नद्या म्हणत राहत होतो.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवर एक बाई दिसली. ती घरातल्याच वस्तूंनी भिंत सजवत होती आणि दर वाक्याला म्हणत होती की हे कुणालाही जमेल, खर्च काहीच नाही. तिच्या हातात भेंडी होती. भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, भिंतीवर दाबायची की फूल. मी उठून आईकडे गेले.

"आई, मी बाहेरची भिंत रंगवते."

आईने गॅसकडे पाहिलं. गॅसवर काही नव्हतं.

"रंगव मंग," ती म्हणाली. "पण फक्त बाहेरची. अंदरचं राहू दे."

"कधीपर्यंत राहू दे?"

"भेंडी कवळी घेजो," आई म्हणाली, आणि विषय तिथे संपला.

गेरू आणला, चुना भिजवला, नीळ घरात होतीच. रंग धरून राहावा म्हणून गेरूत मैद्याची खळ घातली, हे डोकं माझं. संपूर्ण भिंत लालभडक सारवून मी आंघोळीला गेले, गोदावरीचं खोरं म्हणून बाहेर आले, तर गल्लीतली बकरी खालची पट्टी चाटत उभी होती. तिला खळ आवडली असावी. पुढे रोज ती यायची आणि मी रोज तेवढी पट्टी पुन्हा रंगवायचे. आमचं दोघींचं त्यात काही वाईट चाललं नव्हतं.

आता चित्रं. मला नकाशे काढता येतात, दुसरं काही येत नाही. फळ्याकडे न बघता मी आफ्रिका काढते. त्यामुळे हत्ती काढायचा ठरल्यावर आधी आफ्रिका काढली, तिला पाय लावले आणि भूमध्य समुद्राच्या बाजूने सोंड काढली. खिडकी आड आली म्हणून सोंड वर गेली. दाराच्या दोन्ही बाजूंना, मोबाइलवरच्या त्या बाईने काढली होती तशी, मोठ्या पानांची झाडं काढली, ती शहरातल्या घरात कुंडीत असतात तसली. मग रिंगण धरून नाचणारी माणसं काढायची होती. ती काड्याकाड्यांची असल्यामुळे मला जमण्यासारखी होती, पण रिंगणाला जागा पुरेना. मग मी त्यांना एका रांगेत लावलं, सगळ्यांचं तोंड दाराकडे. पुढच्याच्या तोंडाला एक लांबडं वाद्य दिलं. मोकळ्या जागी भेंडीची फुलं आणि कारल्याचे ठसे. दाराच्या वरच्या अंगाला मधोमध एक मोठा अंडाकृती गोल कोरा सोडला, कारण तिथे मी एक जुनं सूप टांगणार होते, त्यात आरशाचे तुकडे बसवून. रंगवलेलं सूप अजून वाळत होतं.

मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं. मला फार सुंदर वाटलं. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्या घराचं काहीतरी पहिल्यांदाच पुरं झालं होतं.

तेवढ्यात समोरच्या काकू फाटकाशी आल्या. काकू आमच्या गल्लीच्या आकाशवाणी. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हाताची बोटं गालाला लावली.

"जमलं का वं बाई?"

"जमलं काकू," मी म्हटलं. चित्राबद्दल विचारतायत हे उघड होतं.

"अगं माय! अन् आमाले पत्ताच नाही! कोणं जमवलं?"

"कुणी नाही, मीच. मोबाइलवर पाहून."

"मोबाइलवर?" काकूंनी पदर तोंडाला लावला. "मंग तुया आईले पसंत हाय?"

"आधी नव्हतं. आता रोज बाहेर येऊन बघून जाते."

"खर्चाचं कसं मंग?"

"खर्च काहीच नाही हो. तीच तर गंमत आहे."

"वा! आजकाल असे कुठी भेटतात!" काकू म्हणाल्या. "अन् थे मधातलं रिकामं काहून ठेवलं?"

"ते वाळतंय अजून. तुळशीच्या लग्नापर्यंत टांगते."

काकू मला पोटाशी धरून रडल्या. मला वाटलं, कलेची कदर असलेली बाई आहे, आपण उगाच इतके दिवस नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी किराणावाल्याने चुन्याच्या पुडीबरोबर हातावर साखर ठेवली. मी खाल्ली. शेजारच्या गल्लीतले एक आजोबा मुद्दाम थांबून म्हणाले, उशीर झाला तरी हरकत नाही. मी म्हटलं, हो ना, सुट्टीच आत्ता मिळाली. सुट्टी संपून कॉलेज उघडलं तर प्राध्यापकांच्या खोलीत टेबलावर फुलं. गणिताच्या बाई म्हणाल्या, "भिंतीचा फोटो पाहिला, हत्ती फार गोड आहे." मग आवाज उतरवून, "आता बदली करून घ्याल ना?"

"कशाला बदली?"

"म्हणजे ते इकडे येणार?"

"ते कोण?"

आणि मग माझी ट्यूब पेटली. नुसती पेटली नाही, फुटली. दोन्ही बाजूंना केळी. सोंड वर केलेला हत्ती. दाराकडे तोंड करून वाजतगाजत येणारी वरात. मधोमध नावांसाठी सोडलेला गोल. मी माझ्या हाताने, माझ्या पैशांच्या भेंडीने, भर रस्त्यावर माझं लग्न लिहून ठेवलं होतं. फक्त नवरदेवाचं नाव तेवढं वाळत होतं.

मी गाडी काढली आणि घरी आले. आई ओसरीत गहू निवडत बसली होती, नव्या लुगड्यात.

"आई, लोकांना वाटतंय माझं लग्न ठरलं!"

"हो," आई म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"बकरी चाटून राह्यली होती तवापासून."

"मग तू सांगितलं का नाहीस कुणाला?"

आईने गव्हातला एक खडा काढला, नीट पाहिला आणि बाजूला ठेवला.

"कोणी विचारलं तर सांगन ना. थे तं डायरेक्ट अभिनंदनच करतात."

मी बोलले. जे बोलायचं ते बोलले आणि जे नव्हतं बोलायचं तेही बोलले. माझा आवाज चढतो तेव्हा मी वर्गात असल्यासारखी बोलते, बोट वर करून. आईने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पहिले लोक विचारत जायचे. पोरीचं का झालं, पोरीचं का झालं. मले राग येये. मंग विचारणं बंद झालं त्यायचं. लग्नात गेलो तं आपल्यापाशी येऊन बसतात, अन् लेकीबाळीचं सोडून सगळं बोलतात. भाव बोलतात, पाणी बोलतात. थे जास्त लागते वं. हे चार दिवस कोणी मायाशी तोंड भरून बोलून राह्यलं. बोलू दे ना."

मी तिच्याशेजारी बसून गहू निवडले. मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही आली होती, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे मी खडे गव्हात आणि गहू खड्यांत टाकत होते.

"रविवारपर्यंत," शेवटी मी म्हटलं. "रविवारी सगळ्यांना सांगायचं."

पण रविवारी आम्ही कुणाला सांगायला जाण्याआधी सगळे आमच्याकडेच आले. आर्णीहून मावशी आली, आईची मोठी बहीण, तीच न्हाणीघराचं दार उघडणारी. जीपमध्ये माणसांच्या मांडीवर ठेवून तिने एक भलामोठा पितळी हंडा आणला होता. फाटकातूनच तिने रडायला सुरुवात केली आणि रडत रडतच अर्ध्या फाटकाचं कुलूप ओढून पाहिलं. तिच्या मागून मंडपवाला आला, नमुन्यांचा अल्बम काखेत मारून. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने भिंत पाहिली होती, तेवढं त्याला पुरे. त्यांच्या मागून काकू, साखरेची वाटी घेऊन. आमची बैठक लहान, प्लॅस्टर नसलेली. हंडा मधोमध ठेवल्यामुळे सगळे त्याच्याभोवती बसले.

"लॉन सगळे फुल्ल झाले, मॅडम," मंडपवाला म्हणाला. "घरापुढंच टाकू मंडप. पण तुमचं फाटक अर्धं बंद हाय. वरात कशी घुसंन?"

"दुसरं दार लग्नात बसवणार होतो," सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

"हे घ्या!" मंडपवाल्याने मांडीवर थाप मारली. "तेच तं मी म्हणून राह्यलो. आता लग्नच हाय ना!"

"थांब रे तू," मावशीने डोळे पुसले. "पहिले मले सांगा, पोरगा कुठचा? का करते?"

काकूंनी साखरेची वाटी हंड्याच्या तोंडावर ठेवली आणि कान पुढे केले. मी तोंड उघडलं. मी वर्गातल्यासारखं बोट वर केलं होतं, मला आठवतंय. पण आईने माझा हात धरून खाली केला आणि ती स्वतः उठून उभी राहिली.

"पोरगा नाही," आई म्हणाली. "लग्न नाही. ह्या पोरीनं भित रंगवली, बस."

मावशी हंड्याकडे पाहू लागली. मंडपवाल्याने अल्बम मिटला, परत उघडला.

"पण केळी काढल्या ना तुम्ही!" तो कळवळून म्हणाला. "भितीवर केळी काढल्यावर माणसानं का समजावं?"

"त्या केळी नाहीत," मी म्हटलं. "कुंडीतली झाडं आहेत."

"अन् वाजंत्री?"

"ते नाचतायत. जागा नव्हती म्हणून रांगेत आहेत."

"मंग हत्ती?"

"ती आफ्रिका आहे."

मंडपवाल्याने हात टेकले. मावशीचा मात्र पारा चढला. इतक्या लांबून हंडा घेऊन आलेल्या माणसाचा चढणारच.

"लग्न नाही तं भित कायले रंगवली?" ती आईवर ओरडली. "घरात कार्य नाही, काही नाही, अन् रंग कायले लावता? कोणासाठी?"

आईने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"कोणासाठी म्हंजे?" ती म्हणाली. "आमी राह्यतो ना इथं."

एवढंच बोलली. मग कपाटाशी गेली आणि वरच्या फळीवरचे बोनचायनाचे कप काढायला लागली. मी मदतीला धावले, कारण तिचा हात पुरत नव्हता. कपांच्या बुडाला दुकानाची चिकटवलेली चिठ्ठी अजून तशीच होती, पिवळी पडलेली. आम्ही ते विसळले आणि त्यांत सगळ्यांना चहा दिला. एका कपाला तडा गेला होता, वापरल्याशिवायच. तो मंडपवाल्याकडे गेला आणि त्याच्या अल्बमवर चहा सांडला, त्यामुळे वातावरण जरा बरं झालं. मावशी हंडा परत न्यायला तयार होईना. आता त्यात आम्ही पिण्याचं पाणी भरतो. एवढं पाणी दोघींना आठवडाभर संपत नाही.

सगळे गेल्यावर आई आतल्या खोलीत गेली. लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला. येताना तिच्या हातात वर्तमानपत्राची एक पुडी होती. कागद हात लावताच तुटत होता. आत पितळेची कडी होती, तिचे स्क्रूही होते.

"ही कुठून आली?"

"तुया बाबानं आणली होती. घर बांधलं तवाच."

"म्हणजे कडी घरातच होती? इतकी वर्षं?"

"लग्नात बसवाची होती ना," आई म्हणाली.

मला हसू फुटलं. आईही हसली. आम्ही दोघी त्या कडीकडे बघून इतक्या हसलो की शेवटी मला पोट धरून खाली बसावं लागलं. मग मी पेचकस आणला. दार भोक पाडण्याइतकं चांगलं राहिलं नव्हतं, तरी कडी बसली, जरा तिरकी. मी आत जाऊन लावून पाहिली. मग मी माझं वाळलेलं सूप घेतलं, बाहेर जाऊन स्टुलावर चढले आणि त्या कोऱ्या गोलात टांगलं. आरशाच्या तुकड्यांत रस्ता दिसत होता, बकरी दिसत होती, आणि मी.

आत आले तेव्हा न्हाणीघराचं दार बंद होतं. आतून आवाज नव्हता. आरती नाही, काही नाही, नुसता नळ चालू. सवयीने मी दार ढकललं. ते उघडलं नाही.

"आई?"

उत्तर आलं नाही. मला भीती वाटली. मी दारावर थाप मारली.

"आई! आत आहेस ना?"

"हाव ना वं," आतून आई म्हणाली. आवाज पार बसला होता. "कडी लावली हाय. जरा राहू दे मले."

तेव्हा मला समजलं. इतक्या वर्षांत या घरात आईला एकदाही दार लावून रडता आलं नव्हतं. ज्या लग्नाची वाट पाहत ती म्हातारी झाली, त्याच्यासाठी रडायलासुद्धा तिला आरती म्हणावी लागली असती. मी दाराबाहेर जमिनीवर बसले. रस्त्यावरून कुणी बैठकीत आलं तर त्यांना आईचं काही ऐकू जाऊ नये, म्हणून मी मोठ्याने नद्या म्हणायला लागले, पैनगंगा, पूस, अरुणावती, अडाण. नळ बंद होईपर्यंत म्हणत राहिले.